गायीच्या मूत्रातल्या खुणा: एका मोजमापाची पार्श्वभूमी

गायीने दिवसभरात किती खाल्ले ते गव्हाणीत मोजता येते. तिच्या अंगी काय लागले, हे कळणे अवघड. रवंथ करणाऱ्या जनावरात चाऱ्यातले बरेचसे प्रथिन आतड्यापर्यंत जसेच्या तसे पोचत नाही. कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव ते मोडतात आणि त्यातून स्वतःची वाढ करतात. लहान आतड्यात उतरणाऱ्या प्रथिनात निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा या सूक्ष्मजीवांच्या शरीराचाच असतो. त्यामुळे खुराक चांगला की वाईट, हे ठरवायला आधी सूक्ष्मजीव किती वाढले ते कळायला हवे, आणि त्यासाठी संशोधक अखेर मूत्राकडे वळले.

सुरुवात हिशेबाने झाली. 1839 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी दुभत्या गायीच्या खाद्यातले नत्र एका बाजूला आणि दूध, शेण, मूत्र यांतले नत्र दुसऱ्या बाजूला मांडून ताळेबंद काढला. पण त्यातून जमा-खर्चच कळत होता, आत काय घडले ते नाही. मूत्रातल्या एकेका द्रव्याची ओळख रसायनशास्त्रज्ञांनी करून दिली. लिबिग यांनी 1829 मध्ये घोड्याच्या मूत्रातून हिप्युरिक आम्ल वेगळे काढले. चाऱ्यातले फिनॉलयुक्त घटक पचनानंतर बरेचसे याच रूपाने बाहेर पडतात, म्हणून गायीच्या मूत्रातही ते भरपूर असते. 1849 मध्ये व्होलर यांना वासराच्या मूत्रात अलँटॉइन सापडले. आज या विषयाचा सगळा भार ज्या द्रव्यावर आहे ते हेच, पण तेव्हा त्याचा पोषणाशी संबंध जोडण्याचे कारणच नव्हते.

मधल्या काळात गोठ्यात मूत्राच्या तपासणीचा वापर झाला तो आजार ओळखण्यासाठी. 1908 ची रोथेरा चाचणी मूत्रातले कीटोन (चरबी मोडताना बनणारी द्रव्ये) दाखवते, आणि व्यालेल्या गायीतला किटोसिस, म्हणजे अंगात कीटोन साचण्याचा आजार, पकडायला ती आजही उपयोगी पडते.

खरी कलाटणी 1960 च्या दशकातली. कोठीपोटात न्यूक्लिक आम्ले (डीएनए, आरएनए) विपुल असतात आणि ती मुख्यतः सूक्ष्मजीवांची असतात, हे तोवर दिसू लागले होते. चाऱ्यातली न्यूक्लिक आम्ले तिथेच जवळजवळ पूर्ण मोडून जातात. 1965 मध्ये टॉप्स आणि इलियट यांनी मेंढ्यांत दाखवले की कोठीपोटातल्या न्यूक्लिक आम्लांचे प्रमाण आणि मूत्रातली प्युरिनजन्य द्रव्ये (प्युरिन हा न्यूक्लिक आम्लांचाच एक घटक) यांचा संबंध आहे. तर्क साधा होता: सूक्ष्मजीव आतड्यात पचले की त्यांची प्युरिने रक्तात येतात, शरीर त्यांचे अलँटॉइन आणि युरिक आम्ल बनवते आणि ती मूत्रावाटे बाहेर पडतात. मेंढीत झँथिन आणि हायपोझँथिनही दिसतात. गायीच्या रक्तात व ऊतींत या दोन्हींचे युरिक आम्ल करणारे झँथिन ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) जोमदार असल्याने तिच्यात मोजायची द्रव्ये जवळजवळ दोनच उरतात.

तरी कित्येक वर्षे सूक्ष्मजीव-प्रथिन मोजायचे म्हणजे शस्त्रक्रिया करून जनावराच्या पोटात आणि आतड्यात कॅन्युला (नळी) बसवणे. हे काम खर्चिक, जनावराला त्रासदायक आणि मोजक्या प्रयोगशाळांपुरते होते. तर्काचे आकड्यात रूपांतर झाले ते स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत. अर्स्कोव्ह यांच्या गटाने तिथे जनावराला तोंडाने न खाऊ घालता पोषकद्रव्ये थेट पोटात सोडण्याची पद्धत विकसित केली होती. कोठीपोटात किण्वनच नसल्याने मूत्रात उरते ते शरीराच्या स्वतःच्या झिजेचे प्युरिन. मग चौथ्या पोटात न्यूक्लिक आम्ले मोजून सोडायची आणि मूत्रात किती परतली ते पाहायचे. अशा कामातून 1990 च्या सुमारास मेंढ्या आणि गोऱ्ह्यांसाठी सूत्रे मिळाली आणि 1992 मध्ये चेन आणि गोम्स यांनी ती तांत्रिक टिपणात एकत्र केली. मला या साऱ्या इतिहासात हे कंटाळवाणे, चिकाटीचे मापन सर्वांत मोलाचे वाटते.

500 किलोच्या गायीने दिवसात 300 मिलिमोल प्युरिनजन्य द्रव्ये टाकली असे धरू. चयापचयी वजनाच्या (वजनाचा 0.75 वा घात, इथे सुमारे 106 किलो) दर किलोला 0.385 मिलिमोल प्रमाणे सुमारे 41 मिलिमोल तिचे स्वतःचे. उरलेल्या 259 ला 0.85 ने (शोषलेल्या प्युरिनांतला मूत्रात परतणारा वाटा) भागले की शोषलेली प्युरिने 305 मिलिमोल येतात, 0.727 या रूपांतराच्या गुणकाने गुणले की सूक्ष्मजीवांचे नत्र साधारण 222 ग्रॅम, म्हणजे जवळपास 1.4 किलो कच्चे प्रथिन. शस्त्रक्रिया न करता!

पुढे अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त कार्यक्रमातून ही पद्धत अनेक देशांत गेली, आणि तिच्या मर्यादाही उघड झाल्या. तेवढेच खाऊनही म्हशीच्या मूत्रात ही द्रव्ये गायीपेक्षा कमी उतरतात. युरोपीय गोऱ्ह्यांवरचे आकडे म्हशीला किंवा वशिंडाच्या गुरांना जसेच्या तसे लावले, तर उत्तर चुकते. त्या त्या जनावरासाठी वेगळे मापन लागतेच.

दुसरी अडचण रोजची: 24 तासांचे मूत्र गोळा करायचे, आणि द्रव्ये टिकावीत म्हणून त्यात सल्फ्युरिक आम्ल घालायचे. इथे जुने काम कामी आले. 1905 मध्ये फोलिन यांनी माणसात दाखवले होते की प्रथिन कमी-जास्त खाल्ले तर युरिया खूप बदलतो, क्रिएटिनिन मात्र जवळपास स्थिर राहते, कारण ते स्नायूंतून येते. म्हणून एकाच वेळच्या नमुन्यातले अलँटॉइन क्रिएटिनिनशी ताडून दिवसाचा अंदाज बांधता येतो. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुभत्या गायींवरच्या एका अभ्यासात मूत्रातून पडणारे क्रिएटिनिन दर किलो वजनाला दिवसाला सुमारे 29 मिलिग्रॅम आले. पण क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असल्याने वाढते वासरू, हाडकुळी गाय आणि धष्टपुष्ट बैल यांना हा एकच आकडा चालत नाही. म्हणून नवी जात किंवा नवा वयोगट हाती घेताना आधी काही जनावरांचे पूर्ण दिवसाचे मूत्र गोळा करूनच एकवेळच्या नमुन्याची खातरजमा केली जाते.