अंतराळवास आणि सूक्ष्मजीवांची जनुके

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दीर्घकाळ राहिल्यामुळे जिवाणू, बुरशी यांच्या डीएनएत आणि जनुकांच्या कामात होणारे बदल. या विषयावर लिहिताना दोन निराळ्या गोष्टींची बरेचदा गल्लत होते. एक म्हणजे यानाच्या बाहेर सुप्तावस्थेत पडून राहिलेल्या पेशींच्या डीएनएला होणारी इजा. दुसरी म्हणजे यानाच्या आत, माणसांच्या सहवासात वाढत राहणाऱ्या पेशींतून टिकाऊ पेशींची होणारी निवड. पहिलीत सोसलेला काळ महत्त्वाचा, दुसरीत उलटलेल्या पिढ्या.

बाहेरच्या प्रयोगांत सर्वाधिक वापरलेला जिवाणू बॅसिलस सबटिलिस हा सांगली जिल्ह्याला अनोळखी नाही. तासगाव, पलूस, मिरज भागातले द्राक्षबागायतदार भुरी रोगासाठी जी जैविक औषधे आणतात, त्यांपैकी काहींत हाच असतो. तो मूळचा मातीतला. उपासमार झाली की तो बीजाणू बनवतो: आतले बरेचसे पाणी काढून टाकलेले, डीएनएभोवती विशिष्ट लहान प्रथिने घट्ट बसलेली आणि त्यावर अनेक थरांचे कवच. बाटलीत तो महिनोन्‌महिने टिकतो तो याच रूपात. तरीही जाणता बागायतदार त्याची फवारणी ऊन उतरल्यावरच करतो, कारण पानावर उघडा पडलेला जिवाणू उन्हातल्या अतिनील किरणांनी मरतो. इथे निदान डोक्यावर ओझोनचा थर तरी आहे. अंतराळात तोही नाही, आणि जमिनीपर्यंत कधीच न पोहोचणारे सर्वांत घातक अतिनील किरणही तिथे थेट अंगावर येतात.

अमेरिकेचा एलडीईएफ हा उपग्रह एप्रिल 1984 मध्ये कक्षेत सोडला गेला आणि जानेवारी 1990 मध्ये कोलंबिया यानाने परत आणला. त्यावरचे बॅसिलसचे बीजाणू जवळजवळ सहा वर्षे निर्वातात राहिले. जे सूर्यप्रकाशापासून झाकलेले होते त्यांतले बरेच जमिनीवर आल्यावर पुन्हा रुजले. सोबत ग्लुकोज असलेले अधिक चांगले तगले. जपानच्या तानपोपो प्रयोगात (2015–2018) डायनोकॉकस जिवाणूंच्या वाळवलेल्या थरांनी अंतराळ स्थानकाच्या किबो या जपानी कक्षाबाहेर तीन वर्षे काढली. अर्ध्या मिलिमीटरहून जाड थरांत वरच्या पेशी मेल्या, पण त्यांच्या आडोशाला खालच्या वाचल्या.

वाचलेल्या पेशींच्या जनुकांचे काय होते? अतिनील किरण डीएनएतले शेजारशेजारची थायमिन ही अक्षरे एकमेकांना चिकटवतात. निर्वातातल्या कोरडेपणाने धागे तुटतात. वैश्विक किरणांतले जड आयन आरपार जाताना दोन्ही धागे एकाच जागी तोडू शकतात, आणि ही इजा दुरुस्तीला सर्वांत अवघड. सुप्त बीजाणूत दुरुस्तीची यंत्रणा बंद असते, त्यामुळे वर्षानुवर्षांची मोडतोड साचत जाते आणि बीजाणू रुजताना एकदम दुरुस्तीला निघते. त्या घाईत चूक राहिली की उत्परिवर्तन पक्के होते. ते पकडण्याची रीत साधी आहे. रुजलेल्या पेशी रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या माध्यमावर पसरतात; वाढतात त्यांच्यात सहसा आरपीओबी या एका जनुकात बदल झालेला असतो, आणि तेवढेच जनुक वाचले की कोणते अक्षर बदलले ते कळते. युरोपच्या एक्स्पोज-ई प्रयोगातून (2008–2009) आलेल्या बीजाणूंत या बदलांचा साचा आपोआप होणाऱ्या उत्परिवर्तनांपेक्षा वेगळा आढळला.

स्थानकाच्या आत गोष्ट पुष्कळ गुंतागुंतीची आहे. तिथे हवा, ऊब, ओलावा आहे. नसल्यासारखे आहे ते वजन. जिवाणू इतका लहान की गुरुत्व त्याला थेट जाणवत असेल असे मानत नाहीत; बदलतो तो भोवतालचा द्रव. उबदार द्रव वर आणि थंड द्रव खाली ही घुसळण थांबते, पेशीभोवतीचे अन्न संपत जाते आणि तिनेच टाकलेली घाण तिच्याभोवती साचते. 2006 मध्ये अटलांटिस यानातून नेलेल्या साल्मोनेलाच्या 167 जनुकांचे काम कमीजास्त झालेले दिसले आणि उंदरांत तो अधिक रोगकारक ठरला. मात्र हा जनुकांच्या चालू-बंद होण्यातला बदल होता, जनुकांच्या मजकुरातला नव्हे. बातम्यांत हा फरक पुसला जातो आणि ‘अंतराळात जिवाणूचे जनुक बदलले’ एवढेच उरते.

मजकूर बदलायला पिढ्या लागतात. ह्यूस्टन विद्यापीठात ई. कोलाय जिवाणू कृत्रिम सूक्ष्मगुरुत्वात (वजन जवळजवळ नसल्यासारख्या अवस्थेत) 1000 पिढ्या वाढवला, तेव्हा त्याच्या जनुकसंचात 16 उत्परिवर्तने सापडली आणि त्या परिस्थितीत तो मूळ वाणापेक्षा जोमाने वाढू लागला. तो प्रयोग जमिनीवरचा होता, अंतराळातला किरणोत्सर्ग त्यात नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

स्थानकावरच मिळालेल्या जिवाणूंपैकी एंटेरोबॅक्टर बुगानडेन्सिसच्या 13 वाणांचा अभ्यास नासाची जेपीएल प्रयोगशाळा आणि आयआयटी मद्रास यांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केला. हे वाण अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत आणि जनुकीयदृष्ट्या पृथ्वीवरच्या भाईबंदांहून वेगळे आहेत. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावातल्या अतिदक्षता विभागाला एंटेरोबॅक्टरचा हट्टीपणा नवा नाही, आणि स्थानकाचे वातावरण अशा विभागासारखेच बंदिस्त, वारंवार पुसले जाणारे, मोजक्या माणसांचे असते. म्हणून या वेगळेपणाचे सगळे श्रेय अंतराळाला देणे घाईचे वाटते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात स्थानकावरचे बॅसिलस सिरियस आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस तिथल्या जगण्याला जुळवून घेणारे आढळले. अधिक घातक झाल्याची खूण त्यांत मिळाली नाही. स्थानकाच्या हवेच्या फिल्टरवर सापडलेल्या एका नव्या जिवाणूला 2017 मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या स्मरणार्थ सॉलिबॅसिलस कलामी हे नाव मिळाले.

कारण नेमके ठरवायचे तर एकाच वाणाचे दोन भाग करून एक वर आणि एक खाली, त्याच तापमानात, त्याच माध्यमात वाढवावा लागतो. पूर्वी वरचा नमुना परत येईपर्यंत अनेकदा आठवडे जात आणि परतीच्या प्रवासातही पेशी बदलू शकत. 2016 मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी मुठीत मावेल एवढ्या यंत्रावर स्थानकातच डीएनएचे वाचन केले आणि 2017 मध्ये तिथल्या पृष्ठभागावरून घेतलेले जिवाणू तिथेच ओळखले गेले.