इंडेक्समध्ये नवी की घालताना : पान फुटण्यामागचा इतिहास

इंडेक्स म्हणजे रेकॉर्ड कुठे आहे हे सांगणारी सूची, आणि की म्हणजे ज्यावरून रेकॉर्ड शोधायचं ते मूल्य. इंडेक्स फाइलमधून की शोधून काढणं त्या मानाने सोपं. खरा कस लागतो तो नवी की घालताना. क्रमाने लावलेल्या हजारो कीजच्या मधोमध एक बसवायची, तर पुढच्या सगळ्या सरकवायच्या का?

१९६०च्या दशकात आयबीएमच्या ‘आयसॅम’ या फाइल-पद्धतीने हे सरकवणं टाळलं. इंडेक्स एकदा बांधला म्हणजे तो तसाच राही. नव्या रेकॉर्डमुळे जागा पुरेनाशी झाली तर जादाचं रेकॉर्ड ‘ओव्हरफ्लो’ भागात जाई आणि साखळीने जोडलं जाई. साखळ्या लांबल्या, शोध मंदावला, तर अख्खी फाइल नव्याने बांधायची.

यातून सुटका केली रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी. बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत १९७० साली त्यांनी बी-ट्री मांडला, म्हणजे झाडासारखी वर-खाली जोडलेल्या पानांची रचना. पान म्हणजे अनेक कीज मावणारा ठरावीक मापाचा तुकडा. पान भरलं तर त्याचे दोन भाग करायचे आणि मधली की वरच्या पानात पाठवायची. तेही भरलेलं असेल तर तेही फोडायचं. झाडाची उंची वाढते ती फक्त सर्वांत वरचं पान फुटल्यावर, म्हणून सर्वांत खालची सगळी पानं कायम एकाच पातळीवर राहतात. मला या कल्पनेचं आजही अप्रूप वाटतं: पानात २०० कीज मावत असतील, तर तीन भरलेल्या पातळ्यांत ८० लाखांहून जास्त कीज बसतात.

सी या प्रोग्रामिंग भाषेत मात्र सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. केन थॉम्पसनची ‘डीबीएम’ लायब्ररी १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. तिच्या लेखी की म्हणजे एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि एक लांबी. आत कुठलेही बाइट असोत. ‘स्टोअर’ फंक्शन हॅशिंगने, म्हणजे कीवरून गणित करून, जागा ठरवी, पण की आणि मजकूर मिळून ५१२ बाइटांच्या ब्लॉकात मावायला हवेत, ही अट होती. आधीच असलेली की पुन्हा दिली तर जुना मजकूर मुकाट्याने पुसला जाई. १९८६च्या ‘एनडीबीएम’ या सुधारित लायब्ररीने ‘इन्सर्ट’ आणि ‘रिप्लेस’ असे दोन पर्याय दिले, ही मोठीच सोय झाली.

हॅशिंगमध्ये कीजचा क्रम हरवतो. १९९१च्या बर्कली डीबी या लायब्ररीने हॅश आणि बी-ट्री दोन्ही दिले. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी २००० साली ‘जीडीबीएम’ या डीबीएमच्याच धर्तीच्या लायब्ररीवर उभी राहिली, पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत तिने स्वतःचा बी-ट्री लिहिला. तिच्या सी कोडमध्ये पानं सावरणाऱ्या फंक्शनचं नाव ‘बॅलन्स’. टेबलात चढत्या क्रमांकाच्या ओळी येत असतील, तर हे फंक्शन भरलेलं पान अर्धं फोडत बसत नाही. उजवीकडे नवं पान जोडून नवी ओळ तिथे ठेवतं.