अलाइनमेंट काठी

अलाइनमेंट काठी : गोल्फच्या सरावात पाय, खांदे आणि क्लबची (चेंडू मारायच्या दांड्याची) वाट लक्ष्याच्या रेषेला धरून आहेत की नाहीत, हे पडताळण्यासाठी जमिनीवर ठेवायचे किंवा रोवायचे सरळ साधन. साधारण १.२ मीटर लांबीच्या, करंगळीहून बारीक अशा फायबरच्या दोन काठ्या हे तिचे रूढ रूप. बर्फाळ देशांत रस्त्याची कड दिसावी म्हणून ज्या खुणेच्या काठ्या रोवतात, त्याच खेळाडूंनी हार्डवेअरच्या दुकानातून उचलल्या. खेळाच्या दुकानात त्या नंतर आल्या, अर्थातच चढ्या भावाने.

साताऱ्याकडे घराचे बांधकाम पाहिलेल्या माणसाला हे साधन फारसे समजावून सांगावे लागत नाही. गवंडी दोन खिळ्यांना दोरी ताणतो, कोपऱ्याला गुण्या लावतो, उभ्या कामाला ओळंबा सोडतो. हात कितीही मुरलेला असला तरी दोरी सोडत नाही. गोल्फमध्ये तर नजर जास्तच फसते. गोटी किंवा कॅरम खेळताना डोळा नेमाच्या रेषेमागे असतो. गोल्फपटू मात्र रेषेच्या बाजूला, चेंडूवर वाकून उभा असतो आणि कलती मान वळवून लक्ष्यावरचा झेंडा पाहतो. त्यामुळे उजव्या हाताने खेळणारे पुष्कळ जण नकळत लक्ष्याच्या उजवीकडे तोंड करून उभे राहतात, आणि मागून कोणी दाखवून दिले तरी त्यांना पटत नाही. काठी टाकली की वाद मिटतो.

पाय आणि चेंडू यांच्या रेषा समांतर हव्यात, हे सांगायला प्रशिक्षक रेल्वेच्या रुळांची उपमा देतात. एके काळी तिन्ही गेजच्या, म्हणजे रुळांमधल्या तिन्ही अंतरांच्या, गाड्या पाहिलेल्या मिरजेत ती लगेच कळते. पण या उपमेने एक गैरसमजही होतो. दोन रुळांमधले अंतर हा खरा प्रश्न नाहीच. पायांची रेषा चेंडूपासून ६० सेंटिमीटर अलीकडे असेल आणि ती चुकून थेट १५० मीटरवरच्या झेंड्याकडे वळली, तरी चूक पाव अंशाहून कमी. खरा घोटाळा नजरेच्या फसगतीत आहे, कारण ती अंशांच्या हिशेबात असते. १५० मीटरवर एक अंशाची चूक चेंडूला सुमारे २.६ मीटर बाजूला नेते, पाच अंशांची सुमारे १३ मीटर.

पाय सरळ आले म्हणून चेंडू सरळ जातोच असे नाही. चेंडू क्लबच्या वाटेनेच निघतो ही जुनी समजूत, रडारने उड्डाण मोजता येऊ लागल्यावर उलटली. चेंडू सुरुवातीला कुठे निघतो हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचे तोंड कुठे आहे त्यावर ठरते; ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला) सुमारे ८५ टक्के आणि लोखंडी क्लबला ७५ टक्के वाटा तोंडाचा, उरलेला क्लबच्या वाटेचा. जमिनीवरची काठी तोंडाबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी चुंबक लावलेली बोटभर सळई क्लबच्या तोंडावर चिकटवतात. ती तोंड कुठे बघते ते दाखवते. लोखंडी क्लबवर ती बसते, टायटॅनियमच्या ड्रायव्हरवर मात्र घसरून पडते.

अशी काठी घरी किंवा वर्कशॉपमध्ये करायची तर कस लागतो तो जोडाला. अखंड १.२ मीटरची काठी एसटीत किंवा मोटारसायकलवर अडचणीची, म्हणून तिचे दोन तुकडे करून मध्ये नळीचा जोड देतात. नळी आणि काठी यांत ०.२ मिलिमीटर मोकळीक राहिली आणि काठी नळीत २० मिलिमीटरच शिरली, तर ६०० मिलिमीटरच्या तुकड्याचे टोक ६ मिलिमीटर हलते. म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. मोकळीक तीच ठेवून जोड ६० मिलिमीटर खोल केला की हीच हालचाल २ मिलिमीटरवर येते. लेथवर बारीक माप गाठत बसण्यापेक्षा जोड लांब करणे स्वस्त पडते. तंबूच्या दांड्यासारखी आत इलॅस्टिक असलेली तीन तुकड्यांची काठी पिशवीत छान मावते, पण तिला दोन जोड, म्हणजे चूक शिरायला दोन जागा. जोडलेली काठी सरळ आहे का, हे सुतार फळी बघतो तसे एक डोळा मिटून टोकाकडून बघावे. मग ती स्वतःभोवती फिरवावी. टोक डोलले की बाक आहे.

८ मिलिमीटर जाडीची १.२ मीटर पोलादी सळई पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरते, तेवढीच फायबरची काठी सव्वाशेच्या आत. फायबर वाकून पुन्हा सरळ होते. ॲल्युमिनियमची नळी एकदा पायाखाली आली की कायमची वाकते. बांबू सरळ मिळणे कठीण. फायबरचा दोष असा की वर्षानुवर्षे उन्हात राहिले की त्याचे तंतू सुटतात आणि कुसळासारखे हातात शिरतात. टोकांना रबरी टोपी आणि अंगाला रंग हवाच. क्लबच्या वाटेत उभी रोवायची काठी पोलादाची कधीच नसावी.

विकत मिळणाऱ्या काठ्यांची टोके मऊ हिरवळीसाठी असतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्यात ती शिरत नाहीत, आणि कृष्णाकाठची काळी जमीन मे महिन्यात भेगाळून टणक होते, पावसात पायाला चिकटते. अशा ठिकाणी टोकाऐवजी जड बैठक लागते. पाच-सहा इंच एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीला नट वेल्ड करून त्यात काठी खोचली तरी भागते. बैठक मात्र क्लबच्या वाटेबाहेर हवी आणि काठी तिच्यातून तिरकी आत झुकलेली. महाबळेश्वरच्या पावसात बिनरंगी पट्टी एका मोसमात गंजते. लाल मातीवर नारिंगी काठी हरवते, तिथे पांढरी किंवा पिवळी बरी. आणि हे सगळे नको असेल तर गवंड्याची दोरी आहेच. ताणलेली दोरी वाकडी नसते, तिला जोड नसतो, ती खिशात मावते. पायांची रेष तपासायला ती कोणत्याही विकतच्या काठीइतकीच चांगली. फक्त उभी राहत नाही.

स्पर्धेत ही मदत चालत नाही. २०१९ पासून लागू असलेल्या नियमांपैकी १०.२ ब नुसार पाय किंवा शरीर रेषेत आणण्यासाठी ठेवलेल्या वस्तूच्या आधाराने पवित्रा घेता येत नाही; स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड बसतो, आणि मारण्याआधी वस्तू उचलून घेतली तरी तो टळत नाही. खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यावर कॅडीनेही (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने) मागे रेषेत मुद्दाम उभे राहायचे नाही. काठी बॅगेत असायला हरकत नाही; फेरी चालू असताना ती हातात घेऊन सरावाचा झोका मारला की मात्र दंड.