खोड

बीजातील प्रांकुरापासून (कोंबापासून) वाढणारा आणि पाने, कळ्या, फुले व फळे धारण करणारा वनस्पतीचा अक्ष म्हणजे खोड. त्याची हमखास खूण म्हणजे पेरे. पेरावर पान किंवा पानाचा खवला येतो आणि त्याच्या बगलेत कळी असते. दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडे. मुळाला पेरे नसतात. त्यामुळे बटाटा जमिनीत वाढत असला तरी खोडच आहे, त्याचे डोळे म्हणजे पेरांवरच्या कळ्या. रताळे मात्र मूळ आहे.

सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बाहेरून आत अपित्वचा (सर्वांत बाहेरचे आवरण), मध्यत्वचा (त्याच्या आतला थर), कड्याच्या रूपात मांडलेले वाहक वृंद (पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिकांचे जुडगे) आणि मधोमध भेंड (मऊ गाभा) दिसते. प्रत्येक वृंदात आतल्या बाजूस प्रकाष्ठ, बाहेरच्या बाजूस परिकाष्ठ आणि दोहोंमध्ये ऊतककराचा, म्हणजे विभागून नव्या पेशी बनवणाऱ्या पेशींचा, अगदी पातळ थर असतो. प्रकाष्ठातून पाणी व क्षार वर चढतात, तर परिकाष्ठातून पानांत तयार झालेली साखर मुळांकडे, फळांकडे आणि वाढत्या शेंड्यांकडे जाते. मका, नारळ यांसारख्या एकदलिकितांत (बीजात एकच दल असणाऱ्या वनस्पतींत) वृंद विखुरलेले असतात व ऊतककर नसतो.

ऊतककर आत प्रकाष्ठ, म्हणजेच लाकूड, आणि बाहेर परिकाष्ठ तयार करतो. लाकूड कितीतरी जास्त बनते, म्हणून खोड जाड होते. उंची मात्र शेंड्याकडूनच वाढते. झाडाच्या बुंध्यात 1 मीटर उंचीवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनीही त्याच उंचीवर राहतो. मधले जुने लाकूड मृत असते आणि त्यातून पाणीही वाहत नाही, त्यामुळे पोकळ बुंध्याची झाडे वर्षानुवर्षे हिरवी राहू शकतात.

सालीचे तसे नाही. बुंध्याभोवती सालीचे पूर्ण कडे काढले तर पाने लगेच सुकत नाहीत, कारण लाकडातून पाणी चालूच असते. परिकाष्ठ मात्र सालीबरोबर निघून जाते, त्यामुळे कापाच्या वरच्या कडेला साखर अडून ती कड फुगते, खाली मुळे उपाशी राहतात आणि पुढे झाड मरते. आधाराला बांधलेली तार सैल केली नाही, तर वाढत्या खोडात रुतून तीही हेच करते. एका बाजूची साल शाबूत असली तर झाड सहसा तगते.

कलम जुळते तेही ऊतककरामुळेच. खुंट (खालचे मुळे असलेले रोप) व डोळकाडी (त्यावर बसवायची फांदी) वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर डोळकाडी मधोमध न बसवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूचे ऊतककर एकमेकांना भिडतात. सांधा घट्ट बांधावा. तो सुकला किंवा हलला की कलम फसते. नारळाला कलम करता येत नाही, ते या थराच्या अभावामुळेच.

फांदीपासून रोप करताना साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा, तीन-चार पेरे असलेला तुकडा घ्यावा. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्यावा, कारण बहुतेक झाडांत मुळे तेथूनच सहज फुटतात. वरचा काप तिरपा दिला तर शेंडा-बुडखा ओळखता येतो. उलटा लावलेला तुकडा बहुधा कुजतो.