कणीस भाजणे

मक्याचे ताजे कणीस निखारे, ज्योत किंवा तापलेली जाळी यांच्या कोरड्या आचेवर शिजवण्याची पद्धत. उकडलेल्या कणसात दाणा नुसता शिजतो. भाजलेल्या कणसात तो आतून शिजतो आणि वरून खरपूस होतो. ही दोन कामे वेगवेगळ्या तापमानाला होतात. दाण्यातले पीठ, म्हणजे स्टार्च, साधारण ६२° ते ७२° से. या टप्प्यात पाणी धरून फुगते व मऊ पडते. सालीवरचा तपकिरी रंग आणि खमंग वास यांसाठी मात्र दाण्याचा पृष्ठभाग १४०° से.च्या आसपास किंवा त्यापुढे जावा लागतो आणि सालीलगत ओल असेपर्यंत तो तिथवर पोहोचत नाही. आधी दाणा आपल्याच पाण्यात शिजू द्यायचा, मग साल सुकवून भाजायची, एवढाच सगळा खटाटोप. वरून काळी आणि आतून कच्ची राहणारी कणसे हा क्रम उलटल्यामुळे बिघडतात.

कणसाची निवड. निम्मे काम इथेच होते. भाजायला दुधाळ अवस्थेतले कणीस हवे. केस बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी ते या अवस्थेत येते. उष्ण हवेत थोडे लवकर, थंडीत उशिरा. ओळखायची खूण नखाची आहे. पाने टोकाकडून थोडी बाजूला करून मधल्या भागातला एक दाणा नखाने फोडावा. पांढरा, दुधासारखा चीक उडाला तर कणीस बरोबर आहे. पाण्यासारखा पातळ रस आला तर ते फार कोवळे. आचेवर असे दाणे आक्रसतात आणि हाती नुसती साल लागते. चीक न येता ओल्या पिठासारखा गर नखाला चिकटला तर कणीस जून होऊ लागले आहे. तेही भाजता येते, पण आच मंद आणि वेळ जास्त लागतो. नखाला दाद न देणारा दाणा निबर. तो भाजून मऊ होत नाही, उलट टणक होतो.

सगळी पाने सोलून कणीस पाहण्याची गरज नसते, आणि तसे करूही नये. उघडे दाणे लवकर सुकतात. बाहेरून पाहण्यासारख्या खुणा तीन : पाने हिरवी व कणसाला घट्ट बिलगलेली असावीत, केस टोकाला तपकिरी पण पानांच्या आत अजून फिके व ओलसर असावेत, आणि देठाचा कापलेला भाग ताजा दिसावा. सुकून तपकिरी पडलेला देठ म्हणजे कणीस तोडून बराच वेळ झाला. टोकाकडून पाने न सोलता चाचपले तर दाणे शेवटपर्यंत भरलेत की नाही तेही कळते. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पोहोचला नाही तिथे दाणा धरत नाही व रिकामी जागा राहते. अशा कणसात वावगे काही नाही, फक्त खाचेशेजारचे दाणे बाजूनेही तापतात आणि आधी करपतात.

टोकाला अळी निघाली तर तेवढा भाग व त्याच्या मागचा एखाद-दोन सेंटिमीटर चांगला भाग कापून टाकावा. उरलेले कणीस वापरता येते. बुरशीचे तसे नाही. दाण्यांवर हिरवट, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर पूर्ण कणीस टाकावे. काही बुरशींची विषे, विशेषतः अफलाटॉक्सिन, भाजण्याच्या आचेने नष्ट होत नाहीत.

साधा मका आणि गोड मका. दोन्ही भाजता येतात, पण एकाच पद्धतीने नव्हे. साध्या मक्याच्या दाण्यात साखर कमी व पिठूळ गर जास्त असतो. तो भाजल्यावर दाट, चावून खाण्यासारखा लागतो आणि थेट निखाऱ्याची आच बऱ्यापैकी सोसतो. गोड मक्यात एका जनुकातील बदलामुळे साखरेचे पिठात रूपांतर मंदावलेले असते. अतिगोड वाणांमागे ‘श्रंकन-२’ हे वेगळे जनुक आहे. त्याचा उपयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५० च्या दशकात दाखवून दिला गेला. या वाणांत साखर व पाणी दोन्ही जास्त असल्याने दाणा फुटला की रस सालीवर पसरतो आणि बघता बघता करपतो. गोड कणसाला म्हणून मध्यम आच व थोडा वेळ पुरतो. निखाऱ्याची खरी चव हवी असेल तर साधा मकाच सरस. गोड मका जाळीवर किंवा पानांसकट जास्त खुलतो.

ताजेपणाचे महत्त्वही वाणागणिक बदलते. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात तोडणीनंतर साखरेचे पीठ व्हायला लगेच सुरुवात होते : ३०° से.ला ठेवलेल्या कणसातली सुमारे ६० टक्के साखर एका दिवसात जाऊ शकते, तर ०° से.ला ती घट ६ टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे लगेच भाजायचे नसेल तर कणीस पानांसकट, तोंड सैल ठेवलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे आणि एक-दोन दिवसांत संपवावे. अतिगोड वाण आठवडाभरही बरे राहतात.

पूर्वतयारी. थेट आचेवर भाजायचे तर पाने पूर्ण सोलावीत, पण देठाचा ५ ते ८ सें.मी. तुकडा राखावा, फिरवायला तोच दांडा. केस एकूण एक काढावेत. राहिलेला केस जळून दाण्यांच्या फटीत चिकटतो आणि त्याचा करपट वास अख्ख्या कणसाला लागतो. ओले फडके टोकाकडून देठाकडे पिळल्यासारखे फिरवले की बहुतेक केस निघतात, हट्टी असतील ते मऊ ब्रशने. त्यानंतर कणीस कोरडे पुसून घ्यावे, कारण वरचे पाणी आटेपर्यंत भाजणे सुरूच होत नाही. सोललेले कणीस पाण्यात भिजवून ठेवण्याने काही साधत नाही. अखंड सालीतून पाणी आत फारसे शिरत नाही. भिजवायची असतात ती पाने, आणि तीही फक्त पानांसकट भाजताना.

निखाऱ्यावर. कोळसा पेटवून २० ते ३० मिनिटे थांबावे. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर राखाडी थर आला की आच स्थिर होते. जाळीच्या वर १० ते १२ सें.मी. उंचीवर तळहात धरून पाहावा : चार-पाच सेकंद सोसवला तर आच मध्यम आहे, दोनच सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर ती फार तेज आहे. कणीस निखाऱ्यांपासून ६ ते ८ सें.मी. वर राहील अशी जाळी ठेवावी. दाण्यांच्या ओळी बहुधा १२ ते १८ असतात आणि जवळजवळ नेहमी सम संख्येत. त्यातल्या तीन-चार ओळीच एका वेळी निखाऱ्यासमोर येतात. म्हणून कणीस सतत गरगर न फिरवता दर दीड-दोन मिनिटांनी पाव वळसा द्यावा. गरगर फिरवलेल्या कणसाची कोणतीच बाजू पुरेशी तापत नाही आणि दाणे नुसते सुकतात.

पहिल्या तीन-चार मिनिटांत दाण्यांचा मंद, फिकट पिवळा रंग पालटून तो काचेसारखा चकचकीत व गडद होतो. आतले पीठ शिजत असल्याची ही खूण. मग बारीक सूं-सूं ऐकू येते, दाण्यांची डोकी किंचित खळगतात आणि त्या खळग्यांच्या कडेला तपकिरी ठिपके उमटू लागतात. या टप्प्याला जरा घाई करावी, म्हणजे वळसे लवकर द्यावेत आणि निखाऱ्यांवर वारा घालून आच थोडी वाढवावी. एकूण ८ ते १२ मिनिटांत कणीस तयार होते. पाव ते तृतीयांश दाण्यांवर गडद डाग आणि बाकी दाणे सोनेरी, इतपत भाजणे पुरे. सगळे कणीस काळे झाले तर खमंगपणाची जागा कडवटपणा घेतो.

दाणे अधूनमधून फटफट फुटतात. सालीखालची वाफ कोंडली की साल एका ठिकाणी तडकते व गर उडतो. चार-दोन दाणे फुटले तर बिघडत नाही. एकसारखा मारा सुरू झाला तर कणीस आचेच्या फार जवळ आहे असे समजून जाळी वर घ्यावी. तोंड वाकवून पाहू नये, उडालेला चीक डोळ्याजवळ भाजतो.

कोळशाची शेगडी घरात, बंद गच्चीत किंवा गॅरेजमध्ये पेटवू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि एखादी खिडकी किलकिली ठेवून तो धोका टळत नाही.

पानांसकट. ही वाफेवर शिजवण्याची पद्धत म्हणावी लागेल. धुराचा वास लागतो, खरपूसपणा जवळपास नाही. बाहेरची एक-दोन सुकी पाने व टोकाचे लोंबते केस कापून कणीस १५ ते ३० मिनिटे पाण्यात बुडवावे आणि झटकून जाळीवर ठेवावे. १५ ते २० मिनिटे, अधूनमधून वळवत. बाहेरची पाने काळी पडली आणि त्यांतून दाण्यांच्या ओळींचे ठसे दिसू लागले की आत कणीस शिजलेले असते. सोलताना बरेचसे केस पानांबरोबरच निघून येतात, ही या पद्धतीची मोठी सोय. सोलल्यावर दोन-तीन मिनिटे उघड्या आचेवर फिरवले तर दोन्ही गुण मिळतात. ज्याला निखाऱ्याचा अंदाज अजून आलेला नाही त्याने हीच वाट धरावी.

गॅस, ओव्हन व इतर साधने. गॅसच्या शेगडीवर भाजताना तारेची जाळी मध्ये ठेवावी. ज्योत थेट दाण्याला लागली की साल आधी जळते. आच मध्यम ठेवून ६ ते ८ मिनिटे लागतात. ज्योतीला पिवळी टोके दिसत असतील तर बर्नर साफ करून मगच भाजावे, नाहीतर दाण्यांवर काजळी बसते. उडालेला चीक बर्नरच्या छिद्रांत वाळतो, तोही नंतर पुसावा.

ओव्हन २००° से.ला तापवून पानांसकट कणीस ३० मिनिटांत शिजते. डाग हवे असतील तर सोलून शेवटची तीन-चार मिनिटे वरच्या ग्रिलखाली. एअर फ्रायरमध्ये त्याच तापमानाला सोललेले, तेलाचा हात फिरवलेले कणीस १२ ते १५ मिनिटे घेते. अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेले कणीस कितीही वेळ ठेवले तरी वाफेवरच शिजते, त्याला भाजलेले म्हणू नये. जून कणसासाठी मायक्रोवेव्ह कामी येतो : पानांसकट तीन-चार मिनिटे, मग सोलून आचेवर. मायक्रोवेव्ह नसेल तर चार-पाच मिनिटे उकळत्या पाण्यात, आणि भाजण्यापूर्वी नीट निथळून.

काय बिघडते. वरून काळे, आतून कच्चे : आच तेज किंवा निखारे अजून ज्वाळेत. दाणे चिवट व आक्रसलेले : आच फार मंद होती आणि रंग येईपर्यंत पाणी निघून गेले, नाहीतर कणीस शिळे होते. एक बाजू करपलेली : निखारे एका कडेला ढीग झाले आहेत, ते पसरावेत. धुरकट, तेलकट चव : भाजण्याआधी लोणी फासले गेले. लोणी निखाऱ्यावर ठिबकते, भडका उडतो व काजळी वर चढते. शिवाय लोण्यातला दुधाचा अंश साखरेच्याही आधी जळतो. चिकटू नये म्हणून काही लावायचेच असेल तर तेलाचा अगदी पातळ हात पुरे.

मीठ-लिंबू. मीठ आचेआधी लावू नये. ते कोरड्या दाण्यांवर ठरत नाही, खाली झडते. कणीस उतरवल्यावर दाणे गरम असतानाच लिंबाची फोड मिठात बुडवून कणसावर दाबून फिरवावी; रसामुळे मीठ फटीत बसते. लोणी हवे असेल तर ते आधी लावावे आणि मीठ नंतर. उलट केल्यास लोण्याबरोबर मीठ खाली ओघळते.

गार झालेले कणीस. भाजलेले कणीस दहा-पंधरा मिनिटांत खावे. थंड होताना शिजलेले पीठ पुन्हा घट्ट होते आणि दाणा चिवट लागतो; साध्या मक्यात हे लवकर जाणवते, गोड मक्यात कमी. लगेच खायचे नसेल तर उतरवल्याबरोबर पानांत किंवा स्वच्छ फडक्यात गुंडाळावे. उरलेले दाणे सुरीने कापून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवता येतात. गरम करताना त्यांवर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवावे. कणीस पुन्हा कोरड्या आचेवर धरले तर ते आणखी टणक होते.