अर्बुदातील ऑक्सिजन-न्यूनता आणि रक्तवाहिनीजनन

कर्करोगाच्या गाठीतील पेशींना ऑक्सिजन अपुरा पडू लागला की त्या रासायनिक संदेश सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. या प्रक्रियेला अर्बुदातील रक्तवाहिनीजनन म्हणतात.

रक्तातून बाहेर पडलेला ऑक्सिजन ऊतीत फार लांब पोचत नाही. साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आतच पेशी तो संपवतात. टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप तपासले, तेव्हा रक्तपुरवठ्यापासून एवढ्या अंतरापलीकडचा भाग मृत आढळला. नव्या वाहिन्यांशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे वाढत नाही, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला.

पेशीला ही कमतरता कळते ती एचआयएफ-१ या प्रथिनामुळे. त्याचा अल्फा घटक पेशीत सतत तयार होतो आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत मोडलाही जातो. ही उधळपट्टी वाटते खरी. पण अडचणीच्या वेळी प्रथिन नव्याने जमवावे लागत नाही, मोडणे थांबले की पुरते. मोडण्याची खूण करणारे प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनवाचून चालत नाही. ती खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखते आणि अल्फा घटक नाशाकडे पाठवते. खूण झाली नाही तर एचआयएफ केंद्रकात टिकते व व्हीईजीएफ या वाहिनीवर्धक प्रथिनासह अनेक जनुके चालू करते. पेशी ऑक्सिजनची जाणीव कशी ठेवतात याचा उलगडा केल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेडॉक्स संकेतनाचा, म्हणजे ऑक्सिडीभवन (इलेक्ट्रॉन गमावणे) आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) यांतून पेशीत चालणाऱ्या संदेशवहनाचा, संबंध येथेच येतो. प्रोलिल हायड्रॉक्सिलेजला फेरस, म्हणजे ऑक्सिडीभवन न झालेल्या, अवस्थेतले लोह लागते. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या क्रियाशील रेणूंनी त्या लोहाचे ऑक्सिडीभवन केले, तर ऑक्सिजन असूनही विकर मंदावते. ऑक्सिजन घटल्यावर तंतुकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियांतील) श्वसनसाखळीच्या तिसऱ्या प्रथिन-संकुलातून असे रेणू उलट अधिक बाहेर पडतात, असे काही संशोधक मानतात. इतरांच्या मते नुसती ऑक्सिजनची टंचाईच पुरेशी आहे. हा वाद मिटलेला नाही. केंद्रकात मात्र चित्र उलटे असते. तेथे एचआयएफमधील सिस्टीन हे एक अमिनो आम्ल क्षपित अवस्थेत असेल तरच ते पी३०० या सहकारी प्रथिनाशी नीट जुळते. त्यामुळे ‘ऑक्सिडीकारके वाईट, प्रतिऑक्सिडीकारके चांगली’ ही लोकप्रिय समजूत येथे लागू पडत नाही.

वाहिनीच्या अस्तरपेशीतही पेरॉक्साइड निरोप्याचे काम करते. व्हीईजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला चिकटले की एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर जागे होते. त्यातून बनलेले पेरॉक्साइड संकेत विझवणाऱ्या फॉस्फॅटेज विकरांना तात्पुरते निकामी करते आणि वाढीचा संकेत लांबतो.

पण अशा घाईत उभ्या राहिलेल्या वाहिन्या कामाच्या नसतात. त्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात, त्यांना आधार देणाऱ्या पेशी विरळ असतात. गळतीने गाठीतला दाब वाढतो, रक्तप्रवाह अधूनमधून थांबतो व पुन्हा सुरू होतो. प्रत्येक वेळी ऑक्सिजन परतताना क्रियाशील रेणूंची लाट येते आणि एचआयएफ पुन्हा चेतते. म्हणजे गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असूनही तिची ऑक्सिजनची भूक भागत नाही. उपचारांनाही याचा फटका बसतो: औषध आतवर पोचत नाही आणि ऑक्सिजनहीन पेशी मारायला किरणोत्साराची मात्रा अडीच ते तीनपट लागते.

व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले. वाहिन्या तोडून गाठ उपाशी मारता येईल, ही मूळ अपेक्षा मात्र त्याने फारशी पूर्ण केली नाही. राकेश जैन यांनी २००१ मध्ये वेगळी कल्पना मांडली होती: माफक प्रमाणात दिल्यास अशी औषधे वाहिन्या काही काळ सुधारतात आणि सोबतची रसायनोपचार-औषधे अधिक आत पोचतात. मूत्रपिंडाच्या एका प्रकारच्या कर्करोगात बहुधा व्हीएचएल जनुकच बिघडलेले असते, म्हणून ऑक्सिजन असतानाही एचआयएफ साचते व गाठ वाहिन्यांनी गच्च भरते. तेथे एचआयएफ-२ या भावंडाला थेट रोखणारे बेलझुटिफॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत प्रथम आनुवंशिक व्हीएचएल विकारासाठी, म्हणजे हे जनुक जन्मतःच बिघडलेले असणाऱ्यांसाठी, मंजूर झाले.