‘सेपरेट’चं मधलं अक्षर

गेल्या आठवड्यात एका अहवालाचा मसुदा वाचत होतो. त्यात ‘सेपरेट’ हा इंग्रजी शब्द नऊ वेळा आला होता आणि नऊही वेळा त्याच्या मधोमध ई हे अक्षर होतं: एस, ई, पी, ई, आर, ए, टी, ई. लिहिणारी व्यक्ती विषयात मुरलेली, इंग्रजी रोजच्या वापरातली. नऊ वेळा, त्याच जागी, तीच चूक होत असेल तर तिला हलगर्जीपणा म्हणून सोडून देता येत नाही. तिला कारण असतं, आणि ते तोंडात दडलेलं आहे.

बरोबर स्पेलिंग आधी सांगून टाकतो: एस, ई, पी, ए, आर, ए, टी, ई. पीनंतर ए. ‘वेगळा’ हे विशेषण असो की ‘वेगळं करणं’ हे क्रियापद, स्पेलिंग एकच. उच्चार मात्र दोन आहेत. क्रियापदाच्या शेवटी ‘रेट’ स्वच्छ ऐकू येतं. विशेषण म्हणताना ‘सेप्रट’ असं काहीसं होतं आणि पीनंतरचा स्वर बहुतेक वेळा गिळलाच जातो.

हा स्वर म्हणजे भाषाशास्त्रातला ‘श्वा’. नाव हिब्रूतून आलंय आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा स्वर हाच. आपल्याला तो अगदी घरचा आहे, कारण ‘प’ लिहिला की त्याच्या पोटात जो अ असतो, तो साधारण हाच. देवनागरीत त्याला काना-मात्रा काहीच लागत नाही. इंग्रजीत मात्र त्याच्यासाठी स्वतंत्र अक्षरच नाही, म्हणून ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरं आळीपाळीने त्याचं काम करतात. अबाउटमधला ए, टेकनमधला ई, पेन्सिलमधला आय, लेमनमधला ओ, सर्कसमधला यू हे पाचही इंग्रजी कानाला एकच ऐकू येतात. आपण ‘पेन्सिल’ म्हणतो ते अक्षर वाचून. इंग्रज माणूस ‘पेन्सल’च म्हणतो.

एवढे वेगवेगळे स्वर एकाच ठिकाणी का येऊन पडतात? मला या प्रश्नाचं उत्तर फार आवडतं, कारण ते थेट शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडतं. पाण्यात उभी धरलेली नळी आणि तिच्या तोंडाशी वाजणारा ट्यूनिंग फोर्क आठवा. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतचा आपला मार्गही तशीच, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी नळी आहे. प्रौढ पुरुषात तिची लांबी सुमारे १७.५ सेंटिमीटर. अशा नळीत पहिला अनुनाद होतो, म्हणजे आवाज एकदम घुमून मोठा होतो, तेव्हा तरंगलांबी नळीच्या चौपट, म्हणजे ७० सेंटिमीटर असते. तोंडातल्या उबदार, दमट हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. भागाकार केला की ५०० हर्ट्झ येतात. पुढचे अनुनाद विषम पटीत, म्हणजे १५०० आणि २५०० ला. जीभ कुठेही न उचलता, नळी सरळ ठेवून आवाज काढला की जे ऐकू येतं, तोच श्वा.

बाकीचे स्वर म्हणजे ही नळी मुद्दाम वाकडी-अरुंद करणं. मराठी ‘ई’ म्हणा: जीभ टाळूकडे पुढे चढते. ‘आ’ म्हणा: जबडा उघडतो, जीभ खाली-मागे जाते. पीटरसन आणि बार्नी या अमेरिकन संशोधकांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांच्या ‘ई’साठी पहिले दोन अनुनाद सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झ होते, ‘आ’साठी ७३० आणि १०९०. एवढं अंतर कापायला जिभेला वेळ लागतो. इंग्रजीत शब्दाच्या एका उच्चारखंडावर (सिलेबलवर) आघात, म्हणजे जोर, देऊन बाकीचे उरकले जातात, आणि उरकलेल्या स्वराच्या वाट्याला शंभर मिलिसेकंदसुद्धा येत नाहीत. स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञ ब्योर्न लिंडब्लोम यांनी १९६३ मध्ये दाखवलं की वेळ कमी पडला की जीभ ठरलेल्या जागी पोचतच नाही. वाटेतच पुढच्या व्यंजनाची हाक येते. ‘सेपरेट’मध्ये पी सुटतो न सुटतो तोच आर सुरू होतो, मग त्या स्वराला रंग चढणार कधी?

म्हणून अशा शब्दात मी नातलग शोधतो. ज्या नात्यातल्या शब्दात आघात नेमका त्या अंधाऱ्या अक्षरावर पडतो, तिथे खरा स्वर दिसतो. ‘ग्रामर’च्या शेवटी ए की ई, हे ‘ग्रॅमॅटिकल’ सांगतो. ‘डेफिनिट’मधला आय ‘डेफिनिशन’मध्ये लख्ख ऐकू येतो. ‘सेपरेट’चं दुर्दैव असं की ‘सेपरेशन’मध्येही आघात पुढे ‘रे’वर सरकतो आणि पीनंतरचा स्वर पुन्हा अंधारातच राहतो. एक चुलत नातलग मात्र मदतीला येतो, ‘प्रिपेअर’. दोघांच्याही मुळाशी लॅटिन ‘पारारे’ म्हणजे तयार करणं हे क्रियापद आहे, आणि ‘प्रिपेअर’मध्ये पीनंतर ए लिहायला कुणी चुकत नाही. उलट ‘डेस्परेट’ आलाय आशा करणं या अर्थाच्या ‘स्पेरारे’पासून, म्हणून तिथे ई बरोबर. कानाला दोन्हीकडे तेच ऐकू येतं.

इथे एका जुन्या अफवेबद्दल बोलायलाच हवं. शब्दाचं पहिलं-शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही फिरवा, मेंदू वाचतोच, असं ‘केंब्रिज विद्यापीठाचं संशोधन’ २००३ पासून फिरतंय. केंब्रिजमध्ये असं संशोधन झालेलंच नव्हतं. वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ किथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा मधल्या अक्षरांची अदलाबदल केल्यावर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटला. संदर्भाच्या आधाराने डोळा चूक ओलांडून जातो, एवढं खरं. पण त्यावरून स्पेलिंगला किंमत नाही म्हणणं निव्वळ भूलथाप आहे.

आणि मधला ई काही आजचा नाही. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्येच ‘सेपारारे’चा ‘सेपेरारे’ झाला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेच रूप जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन तोडणं या अर्थाचा ‘सेव्हर’ झालं, आणि त्यात तो ई आज पूर्ण शुद्ध धरला जातो. फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ आक्रसत आक्रसत घरात आला. तिथे ‘सव्रे’ म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं.